बाबा पाणी पितात ती सीडी

जूचंद्र, नायगाव (पूर्व)
कार्तिक वद्य तृतीया

तीर्थस्वरूप जनार्दनभाऊजी यांना आत्मारामचा वाकून नमस्कार. (ताईला वेगळा नमस्कार लिहीत नाही. तो मी रोज फोनवर करतो आणि ती रोज "बरं बरं, जेवलास का?" म्हणून तो बाजूला ठेवते.) आम्ही सर्व देवीच्या कृपेने ठीक आहोत. तुमच्या गुडघ्याची चौकशी करायची होती. आमच्या हिने, विनयाने, पाठवलेलं निरगुडीचं तेल तुम्ही मागच्या दाराच्या बिजागरीला लावलंत असं ताईकडून कळलं. दार आता अजिबात कुरकुरत नाही हेही कळलं, म्हणजे तेलात दोष नव्हता. उरलं असेल तर गुडघ्यालाही लावून बघावं. नागोठण्याला थंडी पडली का? इकडे सकाळी कामणच्या गोडाऊनवर जाताना मोटरसायकलवर कान झाकावे लागतात. कानांचा विषय निघालाच आहे तर पुढे जातो, कारण हे सगळं पत्र कानांबद्दलच आहे.

पत्र कशाला, असं तुम्ही म्हणाल. फोन आहे, त्यात चेहराही दिसतो. पण तुमच्याकडे फोन वाजला की "हॅलो" तेवढं तुम्ही म्हणता आणि पुढचं सगळं ताई बोलते. मला सांगायचं आहे ते तुम्ही अंगणात पेरूखाली एकटे बसून, सावकाश वाचावं असं आहे. ताईला माझा राग यावा असं यात काही नाही (निदान सही येईपर्यंत तरी नाही). तिचं माझ्याबद्दलचं मत तुम्हाला ठाऊकच आहे. गेल्या वर्षीच्या दसऱ्याला मी ऋतिकाच्या लॅपटॉपची पूजा केली, झेंडू वाहिला आणि पळीभर पाणी शिंपडलं, आणि तो लॅपटॉप जो डोळे मिटून बसला तो बसलाच. तेव्हापासून ताई सांगत असते की दसऱ्याच्या दिवशी आत्मारामपासून वस्तू लांब ठेवा. माझं म्हणणं इतकंच होतं, की आपण विळा पुजतो, गोडाऊनमधला वजनकाटा पुजतो, मग ज्याच्यावर पोरगी नोकरी करते त्याने काय पाप केलं आहे. असो. तो विषय वेगळा आहे.

एकवीस वर्षांपूर्वी बाबांची भजनं रेकॉर्ड करायची ही कल्पना तुमचीच. तुमच्या कारखान्यातल्या ऑर्केस्ट्राचा तो माणूस तुम्ही यंत्रासकट घेऊन आलात. त्याने वसईत एक बंद खोली बघून ठेवली होती, भिंतींना गाद्या लावलेली. बाबांनी ती दारातूनच बघितली आणि "आत देव कुठं हाय?" असं विचारून ते परत फिरले. शेवटी सगळं यंत्र आपल्या मारुतीच्या देवळात आलं. बाबा मधे, मी मृदंगावर, तुम्ही टाळ धरून (तुमचा टाळ अर्धी मात्रा मागे असतो, पण तो आता कायमचा तिथे आहे, त्यामुळे आम्ही त्याला सरावलो आहोत), आणि मागे आई तांब्या घेऊन. त्या माणसाने विचारलं होतं, किती सीड्या काढू, पन्नास? बाबा म्हणाले, "दोन पोरां, दोन सीड्या. तिसरी कोनाला?" म्हणून जगात दोनच निघाल्या. एक माझ्याकडे, एक ताईकडे. बाबा गेले, पाठोपाठ आई गेली, आणि तेव्हापासून माघातल्या सप्ताहाची सुरुवात बाबांच्या आवाजाने होते हे तुम्ही दरवर्षी येऊन बघताच. तिसरं भजन लागतं, ते संपलं की मगच भजनी मंडळातला माणूस तोंड उघडतो. सहा वर्षं झाली. आता गावाला तो नेमच वाटतो, आणि नेम मोडलेला गावाला चालत नाही. (तुमच्याकडची सीडी नीट असेलच. सहज विचारलं.)

आता आमच्या जावयाकडे येतो. कौस्तुभ मुलगा सोन्यासारखा आहे. विरारला चौदाव्या मजल्यावर राहतात, आणि मी गेलो की तो लिफ्टपर्यंत पोचवायला येतो, लिफ्ट बंद असेल तर चौदा मजले उतरून पोचवायला येतो. त्याला एकच नाद आहे, तो आवाजाचा. त्याच्या घरात एका खोलीत दोन उंच स्पीकर आणि एकच खुर्ची आहे. खुर्चीच्या चारी पायांशी जमिनीवर चिकटपट्टीच्या खुणा आहेत. झाडू मारताना खुर्ची दोन बोटं सरकली तर गाणाऱ्याचं तोंड वाकडं होतं म्हणतो. गौरीगणपतीला मूर्तीचं तोंड कुठे असावं याचा आपण जेवढा विचार करतो, तेवढा हा रोज स्वतःच्या तोंडाचा करतो. मला त्यात भक्तीच दिसली, म्हणून मी हसलो नाही. विनया हसली.

त्याने मला त्या खुर्चीत बसवलं आणि समजावलं. सीडीवर एका सेकंदाचा आवाज चव्वेचाळीस हजार शंभर तुकड्यांत कापून ठेवलेला असतो. मी म्हटलं, पुष्कळ झाले. तो म्हणाला, "नाही ना पप्पा, डिटेल्स मिस होतात. माझ्या हाय-रेझ फाइलमध्ये सेकंदाला एक लाख ब्याण्णव हजार असतात. आणि प्रत्येक तुकडा मोजायची पट्टी पण जास्त बारीक." त्या दिवसापासून माझी झोप नाही म्हणणार नाही, पण जपातलं लक्ष उडालं. एका सेकंदात माणसाच्या तोंडून देवाचं नाव एकदा नीट येत नाही, आणि इथे त्याच सेकंदाचे दोन लाखाच्या आसपास तुकडे करून त्यातला एकही सांडू द्यायचा नाही असा हिशेब. मग मनात आलं, की बाबांचे किती तुकडे सांडले असतील? एक लाख ब्याण्णव हजारातून चव्वेचाळीस हजार शंभर वजा केले, आणि इतका बाबा आपण एकवीस वर्षं ऐकलाच नाही, अशी हुरहुर लागून राहिली.

हे मी जावयाजवळ बोललो, आणि पुढचं सगळं माझ्या त्या एका वाक्यामुळे झालं. गणपतीत तो हातात मोदकाच्या डब्याएवढी एक काळी डबी घेऊन आला. तिला पुढे हिरवा दिवा आहे. ही डबी मला भेट, आणि तिच्यातून वाजवायला बाबांच्या सीडीची त्याने हाय-रेझ फाइल करून आणलेली. सीडी तो आधी दोन दिवस घेऊन गेला होता, ती जशीच्या तशी परत दिली. नुसती मोठी केली नव्हती, धुऊन पुसून स्वच्छही केली होती. खोकला काढला, देवळातल्या पंख्याची घरघर काढली, तुमचा टाळ मात्रेवर आणला. (हे वाचून वाईट वाटून घेऊ नये.) आम्ही ऐकलं. विनया म्हणाली, बाबा जवळ येऊन बसल्यासारखे वाटतात. मलाही तसंच वाटलं. आत कुठेतरी काहीतरी चुकल्याचंही वाटलं, पण जावयाने प्रेमाने आणलेल्या वस्तूत खोट काढणं बरं नाही, म्हणून ते मी गणपतीबरोबर विसर्जन केलं.

मधे पडला तो फ्रान्सिस. माझ्याबरोबर तेवीस वर्षं गोडाऊनला आहे, आणि वसईत त्यांच्या चर्चच्या गायनवृंदाचे माईक आणि ध्वनी तोच सांभाळतो, त्यामुळे या गोष्टींत तो बोलला की ऐकावं लागतं. त्याने डबा खाता खाता सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "आत्माराम, कळशीतलं पाणी पिंपात ओतलंस. पिंप मोठं आहे. पाणी तेवढंच आहे." म्हणजे सीडीवर जे नव्हतं ते तिच्यावरून केलेल्या फाइलीत येणार कुठून? हे मी कौस्तुभला सांगितलं. तो म्हणाला, मग विनयाआईंना बरं का वाटलं? हे मी फ्रान्सिसला सांगितलं. तो म्हणाला, आवाज मोठा केला असेल, मोठ्या आवाजाला माणूस चांगला आवाज समजतो, हे आमच्या पाद्रींनाही लागू आहे. असे आठ दिवस मी दोघांमधे निरोप्यासारखा हिंडलो. शेवटी फ्रान्सिस म्हणाला, कान खरं बोलतात पण डोळे त्यांना पढवतात. काय वाजतंय ते दिसता कामा नये. रविवारी मिस्सा आटोपून येतो, देवळात परीक्षा घेऊ.

भाऊजी, त्या परीक्षेला तुम्ही हवे होतात. वाजवणारा दिसू नये म्हणून पडदा हवा होता, आणि देवळाच्या पेटीत पडदा एकच, तुळशीच्या लग्नाचा अंतरपाट. तो मंडळातल्या दोघांनी धरला. पलीकडे फ्रान्सिस, सीडीचं यंत्र आणि ती काळी डबी घेऊन; अलीकडे आम्ही आठजण कागद-पेन्सिल घेऊन. फ्रान्सिसच्या लग्नाला एकतीस वर्षं झाली, पण अंतरपाटामागे उभं केल्यावर त्याने आपोआप केसांवरून हात फिरवला. आमच्या आत्याला (बाबांची धाकटी बहीण, वय ब्याऐंशी, उजव्या कानाने कमी ऐकू येतं आणि डाव्याने मर्जीप्रमाणे) अंतरपाट दिसल्यावर कुणीतरी अक्षता दिल्या होत्या. कुणी दिल्या ते शेवटपर्यंत कळलं नाही. धरणाऱ्यांचे हात दुखून पडदा खाली आला की ती फ्रान्सिसवर अक्षता टाकायची. संध्याकाळपर्यंत त्याच्या खिशात मूठभर तांदूळ जमले, ते त्याने घरी नेले आणि क्लाराला, म्हणजे बायकोला, दाखवले असं कळतं.

तिसरं भजन मधून दोन मिनिटं वाजायचं, एकदा सीडीवरून, एकदा डबीतून, आधी कुठलं ते फ्रान्सिस नाणं उडवून ठरवणार, असं दहा वेळा. जास्त चांगलं कुठलं, म्हणजेच डबी कुठली, ते आम्ही कागदावर लिहायचं. पहिल्या खेपेला जवळजवळ सगळ्यांनी डबीला पसंती दिली आणि कौस्तुभ लाजला. मग फ्रान्सिसने खिशातून आवाज मोजायचं छोटं यंत्र काढलं आणि दोन्ही बाजू सारख्या मोठ्या केल्या (डबी खरंच जरा मोठ्याने बोलत होती). त्यानंतर आमच्या कागदांवर नुसता गोंधळ (देवळातला पंखा चालूच होता, त्यामुळे घरघर दोन्हीकडे सारखीच). विनयाचे पाच बरोबर, माझे चार, खुद्द कौस्तुभचे सहा. पण आत्या. आत्याला लिहिता येत नाही, ती मोठ्याने सांगायची, आणि ती दहापैकी दहा वेळा बरोबर सांगत होती. दर वेळी डबी लागली की "ही नको" म्हणायची. फ्रान्सिस पडद्याआडून बाहेर आला. कौस्तुभ तर उभाच राहिला. त्याचं म्हणणं, आत्याला डबी आवडो न आवडो, फरक ऐकू येतो हे सिद्ध झालं, आणि तेही ब्याऐंशीव्या वर्षी. त्याने तिच्यासमोर मांडी घालून विचारलं, "आत्याआजी, तुम्हाला काय वेगळं ऐकू येतं?"

आत्या म्हणाली, "या गान्यान दादा पानी नाय पिला."

कुणाला काही कळेना. तिने मांडीवर थापटून दाखवलं. ती मघापासून भजनाचा ठेका मांडीवर धरून होती. सीडीत एका जागी बाबा थांबतात, नुसता मृदंग आणि टाळ चालू राहतो, आणि मग बाबा पुढची ओळ घेतात. डबीत थांबत नाहीत, थेट पुढे जातात. तिची थाप दर वेळी तिथे मोकळी पडत होती. कौस्तुभच्या संगणकाने ती रिकामी जागा म्हणून कापून दोन्ही टोकं बेमालूम सांधली होती. एक अख्खं आवर्तन गेलं होतं. भाऊजी, त्या भजनात मृदंग मी वाजवलेला आहे. आणि माझं स्वतःचं एक आवर्तन नाहीसं झालेलं मला महिनाभर कळलं नाही. मंडळातले सगळे माझ्याकडे बघत होते, मी मारुतीकडे बघत होतो.

आत्या पुढे म्हणाली, "वयनी विचारते ना, पानी देऊ? तवा तो थांबतो."

मी म्हटलं, आत्या, तुला ते ऐकू येतं?

"ऐकाला कशाला पायजे? मी तिथंच होती."

फ्रान्सिसने सीडी लावली. त्या जागेच्या आधी आवाज वाढवला. टाळाच्या मागे, अगदी मागे, आईचा आवाज आहे. "पानी देऊ?" एवढंच. मग बाबांचा घोट, मग तांब्या फरशीवर ठेवल्याचा आवाज, आणि मग बाबा गातात. आईचा फोटो आपल्याकडे आहे, लुगडं आहे, तिच्या हातची गोधडी आहे. आवाज कुठेच नाही असं मी धरून चाललो होतो. तुमच्या कुठल्या जुन्या कॅसेटमध्येही ती नाही. यंत्र दिसलं की ती स्वयंपाकघरात जायची. अंतरपाट धरणारे दोघंही तो तसाच धरून उभे होते.

कौस्तुभचा चेहरा मला बघवेना. "पप्पा, ते नॉइज म्हणून सिलेक्ट झालं," एवढंच म्हणाला, आणि आत्याच्या पाया पडला. तिने उरलेल्या अक्षता त्याच्या डोक्यावर टाकल्या. मूळ, न धुतलेली कॉपी त्याच्याकडे उरली नव्हती. त्या मोठ्या फाइली जागा फार खातात, म्हणून सीडीची छोटी फाइल त्याने पुसून टाकली होती. तो म्हणाला, सीडी द्या, उद्याच जशीच्या तशी उतरवून आणतो. फ्रान्सिसही म्हणाला, दे, कॉपीत एक कणही इकडचा तिकडे होत नाही. मी नाही म्हटलं. मी म्हटलं, ही आता देव्हाऱ्यातून हलणार नाही. (हे वाक्य मी जरा जोरात म्हटलं. देवळात म्हटलेली वाक्यं जपून म्हणावीत.)

पण मूळ प्रश्न राहिला असं तुम्ही म्हणाल, आणि फ्रान्सिसही तेच म्हणाला. धुतलेल्याची न धुतलेल्याशी तुलना ही काही हाय-रेझची परीक्षा नव्हे. म्हणून पुढच्या रविवारी त्याने चर्चचं चांगलं यंत्र आणून आमच्याच मंडळाचं एक भजन नव्याने हाय-रेझमध्ये घेतलं. त्यावरूनच सीडीच्या मापाची दुसरी प्रत केली, ना धुतली ना कापली, आवाज सारखा, आणि पुन्हा अंतरपाट. कौस्तुभचे पाच बरोबर, माझे पाच, विनयाचे सहा, म्हणजे नाणं उडवून जेवढे आले असते तेवढेच. आत्या दोनदा ऐकून म्हणाली, दोन्हीकडं तुम्हीच गाता ना, मग मला कशाला विचारता, आणि भिंतीला टेकून झोपली.

फ्रान्सिसचं सांगणं असं, की सीडीच्या तुकड्यांत तरण्या माणसाला ऐकू येणारा सगळा आवाज मावतो, वर थोडी जागा उरते. त्याच्याही वर जे आहे ते वटवाघळांचं. आणि आपल्या वयाला तर कानाची वरची निम्मी पट्टी आधीच गळालेली असते. कुणी अगदी पढवलेल्या कानांचा माणूस क्वचित अंदाज बांधू शकतो म्हणतात, त्याच्याशी फ्रान्सिस भांडत नाही. आणि रेकॉर्ड करताना मात्र ती बारीक पट्टी उपयोगी पडते. शिंपी जसं शिवणीत कापड सोडतो, पुढे उसवायची वेळ आली तर असावं म्हणून. घालणाऱ्याला ते दिसत नाही. चांगलं-वाईट ठरतं ते कुणी, कुठे, कसं घेतलं आणि नंतर कुणी त्याला हात लावला यावर. कौस्तुभने हे सगळं ऐकून घेतलं, घरी जाऊन खुर्चीच्या चिकटपट्ट्या काढल्या, आणि ऋतिका म्हणते, चार दिवसांनी परत लावल्या. लावू दे. ज्याला नीट ऐकायचं आहे तो माणूस वाईट नसतो.

मी आपला माझ्यापुरता विचार केला. मी सांडलेल्या तुकड्यांची काळजी करत होतो आणि त्यातला एकही सांडला नव्हता. बाबा पुरे होते. आईसुद्धा होती. कमी पडत होते ते कान, आणि कान वाढवायची फाइल अजून निघालेली नाही. वटवाघळांचं जे आहे ते देवाला ऐकू येतं, त्याची त्याने काळजी घ्यावी.

असो. लिहिण्यासारखं एवढंच. गुडघ्याला जपावं. ताईची साखर वाढू देऊ नका, दिवाळीचे अनारसे संपले का विचारलं तर ती "कधीच" म्हणेल, डबा उघडून बघावा. सप्ताहाला दोघंही या, खोली झाडून ठेवतो.

आपला,
आत्माराम

ता. क. – ती काळी डबी मी परत केलेली नाही. खरं सांगायचं तर तिच्यातून मला अजून जरा बरं वाटतं. फ्रान्सिस म्हणतो, तो हिरवा दिवा आहे, दुसरं काही नाही. समईनेही देव बदलत नाही, पण आपण लावतोच. हे त्याला किंवा कौस्तुभला कळवू नये, दोघंही वेगवेगळ्या कारणांनी खूश होतील.

ता. क. २ – आता ज्यासाठी पत्र लिहिलं ते. मी ठरवलं होतं, आईचा आवाज दसऱ्यापासून रोज एकदा ऐकायचा, तोपर्यंत सीडी देवापुढे राहू द्यायची. खंडेनवमीला विळ्यांशेजारी तिला पाटावर मांडली. तिच्या एका अंगाला नुसतं लिहिलेलं आहे आणि दुसरं अंग आरशासारखं चमकतं. मी चमकतं ते तोंड समजून वर केलं. हळदकुंकू वाहिलं, ओल्या बोटाने. तिथवर ठीक होतं म्हणे, पाण्याने निघालं असतं. पण कुंकवाचा डाग राहिला, आणि दसऱ्याच्या सकाळी विनया देवाची भांडी घासत होती, तिच्याशेजारी बसून मी सीडीही घासली, दोन्ही अंगांनी. चिंचेने. मग रांगोळीने. तुम्हाला ठाऊकच आहे, आपलं गाव रांगोळीचं, घरात पायली-दोन पायल्या असतेच. पितळ लखलखीत निघतं. सीडीही लखलखीत निघाली. यंत्र ती आत घेतं, थोडा वेळ विचार करतं आणि बाहेर देतं. फ्रान्सिसने उजेडात धरली तर तिच्यातून पलीकडचा तो दिसत होता. तो हसला नाही, यावरून काय ते समजावं. तेव्हा तुमच्याकडची सीडी येत्या आठवड्यात घेऊन या, किंवा कुणाबरोबर दोन पुठ्ठ्यांत घालून पाठवा. कौस्तुभ न धुता उतरवून घेईल, फ्रान्सिस त्याच्या शेजारी बसून राहील, मी खोलीबाहेर थांबेन असं तिघांत ठरलं आहे. माघापर्यंत गावाला कळता कामा नये, आणि ताईला तर कधीच नाही.

ता. क. ३ – ताई, तू हे वाचते आहेस हे मला ठाऊक आहे. पाकीट भाऊजींच्या नावाचं असलं तरी तुमच्या घरात वाचायचा चष्मा एकच आहे. काय बोलायचं ते बोल. पण आधी तिसरं भजन लाव. अर्ध्यात बाबा थांबतात तिथे आई आहे. मी तिच्यापासून दोन हातांवर बसून मृदंग वाजवत होतो आणि मला ती ऐकू आली नव्हती. एकवीस वर्षांनी एकदा ऐकू आली. सीडी यायला वेळ लागणार असेल तर आजच फोन कर आणि तो तुमच्या यंत्राजवळ धर. फोनमधून आवाज येताना निम्म्याहून जास्त गळून जातो असं कौस्तुभ सांगतो. मला चालेल.